मुख्याध्यापक व्हायला अमेरिकेत कशाला जायचं?

गेल्या रविवारी मावसबहिणीकडे जेवायला गेलो होतो. तिची मुलगी दोन वर्षं मुंबईतल्या महापालिकेच्या एका शाळेत शिकवत होती, आता पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत अर्ज करतेय. विषय विचारला तर म्हणाली, "शहरी शिक्षण नेतृत्व आणि धोरण." पानावर क्षणभर शांतता. मग तिच्या काकांनी भात कालवता कालवता विचारलं, "म्हणजे शिकून होणार काय?"

"शाळा चालवायला शिकणार, काका. पुढे मुख्याध्यापक, नाहीतर एखाद्या शहराच्या शिक्षण खात्यात काम."

"अगं, मग त्याला अमेरिका कशाला? आपल्याकडे सिनिऑरिटीनं होतातच की मुख्याध्यापक!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना लोकलमध्ये आई आठवली. तीस वर्षं वर्गात शिकवून आई चोपन्नाव्या वर्षी सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापिका झाली. प्रशिक्षण किती? तीन दिवस. त्यात काय शिकवलं? हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा हिशेब, दाखले कसे द्यायचे, बीट ऑफिसर आले की कुठलं दप्तर पुढे ठेवायचं. शाळा कशी चालवावी असं तिला वाटतं, हे तीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आली आणि म्हणाली, "चार वर्षांत एकाही वर्गात पूर्ण तासभर बसले नाही रे मी."

तेव्हा ही पोस्ट त्या काकांसाठी, भाचीसाठी आणि थोडी आईसाठी. लांब आहे, सवडीनं वाचा. गोष्ट शिकागोची आहे, कारण शहरातल्या शाळा कुणी आणि कशा चालवायच्या यावर त्या शहराइतकं भांडण क्वचितच कुठे झालं असेल. आणि सुरुवात होते आईसारख्याच एका बाईंपासून, ज्या पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

पन्नाशीतली विद्यार्थिनी

एला फ्लॅग यंग. जन्म १८४५, बफेलो. आईवडील शिकागोला आले आणि १८६२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, एला तिथल्या शाळेत शिकवायला लागल्या. लग्न झालं, नवरा लवकर गेला, आयुष्यभर शाळा हेच घर राहिलं. शिक्षिका, मुख्याध्यापिका आणि १८८७ पासून सहायक सुपरिंटेंडंट. सुपरिंटेंडंट म्हणजे तिकडे शहराच्या सगळ्या शाळांचा प्रमुख, आपल्याकडच्या महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा, पण अधिकार बरेच जास्त.

या काळात शिकागो कसं वाढत होतं बघा. १८६० मध्ये लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. १८९० मध्ये दहा लाखांच्या पुढे. १९०० मध्ये जवळजवळ सतरा लाख. जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन, बोहेमियन, सगळ्या युरोपातली माणसं तिथल्या कत्तलखान्यांत आणि कारखान्यांत कामाला. एकेका वर्गात साठ-साठ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी इंग्रजी नाही. गिरण्यांच्या काळातल्या परळ-लालबागची आठवण येईल असं चित्र.

शाळा वाढल्या तशी त्यांच्यावर देखरेख करणारी साखळी वाढली. वरून परिपत्रक यायचं: अमुक आठवड्यात अमुक पान. शिक्षिकेनं ते पुरं करायचं, तपासनीसानं ते तपासायचं. एलाबाई स्वतः त्या साखळीत वरच्या कडीवर होत्या आणि त्यांना हे खुपत होतं. १८९५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नोकरी सांभाळून त्या शिकागो विद्यापीठात एका तरुण प्राध्यापकाच्या वर्गात जाऊन बसायला लागल्या. प्राध्यापक त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. नाव जॉन ड्यूई.

हे नाव मराठी वाचकाला नवीन नाही. हेच ड्यूई १९०४ मध्ये शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकत असताना त्यांचे प्राध्यापक झाले. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या लिखाणात पुढे दिसतो. पण ड्यूईंनी शिकागोत स्वतःची प्रयोगशाळा-शाळा चालवली, तेव्हा शाळा प्रत्यक्षात कशी चालते हे त्यांना शिकवणाऱ्या लोकांत एलाबाई पहिल्या होत्या, आणि ड्यूईंनी हे ऋण उघडपणे मानलं आहे. गुरू कोण आणि शिष्य कोण, असा प्रश्न पडावा असं नातं.

१९०० मध्ये पंचावन्नाव्या वर्षी एलाबाईंना पीएच.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता शाळेतलं एकटेपण. हे एकटेपण मुलांचं नव्हे, व्यवस्थेतलं. म्हणणं असं: शाळांचा कारभार मोठा झाला की विचार करायचं काम वरच्या चार लोकांकडे जातं आणि शिक्षकाच्या हाती फक्त अंमलबजावणी उरते. प्रत्येक जण आपापल्या खोलीत बंद. आणि ज्या शिक्षकाला स्वतःच्या कामाबद्दल बोलायची मुभा नाही, तो मुलांना स्वतंत्र नागरिक कसं व्हायचं हे शिकवणार कसं?

माझ्या मते शहरातल्या शाळांच्या नेतृत्वावरचं उच्च शिक्षण खऱ्या अर्थानं इथून सुरू होतं. सत्ताधाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलेला, पण सत्ता वाटायला हवी असं सांगणारा प्रबंध. आणि पुढची शंभर वर्षं हे शिक्षण याच प्रश्नापासून पळत राहिलं, पुन्हा पुन्हा परत येत राहिलं.

"पैसे नाहीत" म्हणाल्यावर शिक्षिकांनी काय केलं

त्याच सुमारास शिकागोत दुसरी एक गोष्ट घडत होती. १८९७ मध्ये प्राथमिक शिक्षिकांनी 'शिकागो टीचर्स फेडरेशन' काढलं. पुढारी मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन. शिक्षण मंडळ म्हणालं, पगारवाढ देता येणार नाही, पैसे नाहीत. आपल्याकडे हे वाक्य ऐकल्यावर मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, फोटो निघतो. या बाईंनी काय केलं? करखात्याच्या वह्या उघडल्या. शहरातल्या ट्राम, गॅस आणि टेलिफोन कंपन्या कोट्यवधींच्या परवान्यांवर कर भरतच नव्हत्या. शिक्षिका कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कर वसूल झाला. मग मंडळानं तो पैसा पगाराऐवजी दुसरीकडे वळवला, तर या पुन्हा कोर्टात गेल्या आणि पुन्हा जिंकल्या.

लक्षात घ्या, तेव्हा यातल्या एकीलाही मतदानाचा अधिकार नव्हता.

१९०९ मध्ये शिक्षण मंडळानं एला फ्लॅग यंग यांना शिकागोच्या सुपरिंटेंडंटपदी निवडलं. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा पहिल्यांदाच एका बाईच्या हाती आल्या. वय चौसष्ट. पुढच्याच वर्षी त्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. आणि प्रबंधात लिहिलेलं त्यांनी करून दाखवलं: शिक्षक परिषदांना बळ दिलं. या परिषदांत अभ्यासक्रम, पुस्तकं, कामाच्या अडचणी यावर वर्गात शिकवणारी माणसं बोलायची आणि ते वरपर्यंत जायचं.

राजकारणी गप्प बसणार होते थोडेच. १९१३ च्या डिसेंबरात मंडळानं त्यांना पुन्हा निवडलं नाही. शहरातल्या बायका रस्त्यावर आल्या, सभा झाल्या, जेन ॲडम्ससारख्या समाजसेविका पुढे झाल्या. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळालेला होता, म्हणजे आता त्या बायकांच्या हातात मत होतं! महापौरांनी मंडळातले सदस्य बदलले आणि एलाबाई परत आल्या. १९१५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेल्या.

दुसरी वाट: शाळा म्हणजे कारखाना

आता ज्या वर्षी एलाबाई सुपरिंटेंडंट झाल्या, त्याच १९०९ मध्ये दूर कॅलिफोर्नियात एक पुस्तक आलं. लेखक एलवूड कबरली, स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षणाचे प्राध्यापक, त्याआधी सॅन डिएगो शहराचे सुपरिंटेंडंट. त्यांनी लिहिलं की सगळी माणसं समान आहेत आणि आपल्या समाजात वर्ग नाहीत, ही कल्पना शहरातल्या शाळांनी आता सोडून द्यावी. कोण काय होणार हे ओळखून त्याप्रमाणे शिकवावं. १९१६ च्या शाळा-प्रशासनावरच्या पुस्तकात त्यांनी ती प्रसिद्ध उपमा दिली: शाळा हा एक प्रकारचा कारखाना, मुलं हा कच्चा माल आणि कसा माल हवा ते समाजाच्या गरजा ठरवणार.

फ्रेडरिक टेलर यांचं 'शास्त्रीय व्यवस्थापना'चं पुस्तक १९११ मध्ये आलेलं. सगळीकडे घड्याळ लावून काम मोजायचं वेड. स्टॅनफर्ड, न्यूयॉर्कचं टीचर्स कॉलेज अशा ठिकाणी सुपरिंटेंडंट घडवणारे अभ्यासक्रम उभे राहिले. त्यात काय? खर्चाचा ताळेबंद, इमारती, बसगाड्या, दर विद्यार्थी दर विषय किती खर्च, शिक्षकांना गुण देण्याचे तक्ते. प्राध्यापक शहरा-शहरांत जाऊन शाळांची 'पाहणी' करायचे, अहवाल द्यायचे, आणि मोकळी झालेली मोठी पदं बऱ्याचदा त्यांच्याच विद्यार्थ्यांना मिळायची. जवळजवळ सगळे पुरुष. वर्गात शिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका.

रेमंड कॅलहन या इतिहासकारानं १९६२ च्या पुस्तकात या काळाची चांगली चिरफाड केलीय. त्याचं म्हणणं, हे सुपरिंटेंडंट दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. वर्तमानपत्रं आणि व्यापारी रोज विचारायचे, "पैशाचा हिशेब द्या." नोकरी वाचवायची तर व्यापाऱ्याच्या भाषेत बोलणं सोपं. शिक्षणतज्ज्ञ होण्याऐवजी ते हिशेबनीस झाले.

आईचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आठवलं ना? अमेरिकेत त्याला डॉक्टरेट म्हणायचे, एवढाच काय तो फरक.

१९२४ मध्ये शिकागोत विल्यम मॅकअँड्र्यू सुपरिंटेंडंट म्हणून आले. कडक शिस्तीचे, कार्यक्षमतेचे भोक्ते. एलाबाईंच्या शिक्षक परिषदा त्यांनी बंद करून टाकल्या.

डॉक्टरेट असलेला साहेब आणि घरी बसलेली दोन लाख मुलं

पुढची तीस-चाळीस वर्षं भरभर ओलांडतो. दोन महायुद्धांच्या आगेमागे दक्षिणेकडची लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागोत आली. घरं त्यांना ठरावीक वस्त्यांतच मिळायची, म्हणून शाळाही ठरावीकच. १९५३ मध्ये बेंजामिन विलिस सुपरिंटेंडंट झाले. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट, इमारती उभारण्यात हातखंडा, व्यावसायिक जगात मोठं नाव. सगळ्या अर्थांनी 'प्रशिक्षित' माणूस.

कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळा इतक्या भरल्या की मुलं दोन पाळ्यांत यायची. काही मैलांवरच्या गोऱ्या वस्तीतल्या शाळांत वर्ग रिकामे. पालक म्हणाले, मुलांना तिकडे पाठवा. विलिस म्हणाले, मुलानं आपल्या वस्तीच्या शाळेतच जायचं, आणि त्यांनी भरलेल्या शाळांच्या पटांगणात पत्र्याचे फिरते वर्ग आणून उभे केले. लोकांनी त्याला नाव दिलं 'विलिस वॅगन'.

२२ ऑक्टोबर १९६३. शिकागोतली दोन लाखांहून अधिक मुलं शाळेत गेली नाहीत. एका शहरात, एका दिवशी. विलिस तरीही १९६६ पर्यंत टिकले.

कागदावर बघा, विलिस यांचं काय चुकलं? पट वाढला, जागा कमी पडली, कमी खर्चात जागा करून दिली. कबरली यांनी पूर्ण गुण दिले असते. जे चुकलं ते त्या अभ्यासक्रमात नव्हतंच. ही मुलं कुणाची, त्यांचे आईबाप काय म्हणताहेत, हा 'प्रशासना'चा प्रश्न आहे असं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

पालकांनी मुख्याध्यापक निवडले

१९८७ च्या शरदात शिकागोत शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला. पालक वैतागले. त्याच वर्षी देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचं जाहीर बोलून दाखवलं. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी पालक, शिक्षक, उद्योजक सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं, आणि नोव्हेंबरात अचानक त्यांचं निधन झालं. पण बैठका थांबल्या नाहीत. १९८८ मध्ये राज्यानं कायदा केला.

तो कायदा आजही वाचून चकित व्हायला होतं. प्रत्येक शाळेला एक स्थानिक शाळा परिषद. सहा पालक, दोन वस्तीतले रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. पालक बहुमतात! आणि या परिषदेला चहा-बिस्किटांपलीकडचे अधिकार: मुख्याध्यापक निवडायचा, चार वर्षांचा करार करायचा, काम पटलं नाही तर दुसरा आणायचा, अंदाजपत्रक मंजूर करायचं. मुख्याध्यापकांची कायमची नोकरी गेली. ते कोर्टात गेले, मतदानाच्या पद्धतीवरून १९९० मध्ये जिंकलेसुद्धा. राज्यानं पद्धत बदलून कायदा पुन्हा केला.

१९८९ च्या ऑक्टोबरात पाचशेहून अधिक शाळांत निवडणुका झाल्या. कधी कुठल्या कमिटीवर नसलेल्या हजारो आया एकदम मुलाखती घ्यायला बसल्या.

आणि इथेच एक नवा प्रश्न आला, जो भाचीच्या डिग्रीच्या मुळाशी आहे. मुख्याध्यापक निवडायचा अधिकार मिळाला, पण निवडायला चांगले मुख्याध्यापक आहेत कुठे? ज्याला वस्तीशी बोलता येतं, वर्गात बसून शिकवणं समजतं आणि पैशाचा हिशेबही येतो, असा माणूस तयार कुठे होतो?

संशोधन काय म्हणालं

१९९० च्या सुमारास शिकागो विद्यापीठात अँथनी ब्राइक आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या शाळांचा सतत अभ्यास करणारा एक गट बांधला. एकाच शहरात शेकडो शाळांना एकाच वेळी स्वातंत्र्य मिळालेलं. काही सुधारल्या, काही जागच्या जागी राहिल्या, काही घसरल्या. का?

उत्तराचं पुस्तक २०१० मध्ये आलं. पाच गोष्टी सापडल्या: मुख्याध्यापकाचं नेतृत्व, पालक आणि वस्तीशी नातं, शिक्षकांची एकत्र काम करायची क्षमता, मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण आणि वरच्या इयत्तेपर्यंत सुसंगत जाणारं शिकवणं. यातल्या बहुतेक गोष्टी मजबूत असलेल्या शाळा, बहुतेक कच्च्या असलेल्या शाळांपेक्षा वाचन आणि गणितात भरीव सुधारणा करण्याची शक्यता निदान दहापट. पाचांपैकी एकच गोष्ट करून भागत नाही. आणि सगळ्याच्या खाली एक गोष्ट हवी, ती म्हणजे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकांचा एकमेकांवर विश्वास.

शंभर वर्षांपूर्वी एलाबाई हेच म्हणत होत्या. आता आकडे आले.

याच वाटेवर शिकागोतल्याच इलिनॉय विद्यापीठानं २००३ च्या सुमारास शहरी शिक्षण नेतृत्वाचा डॉक्टरेट अभ्यासक्रम नव्यानं उभा केला. वैद्यकीय विद्यार्थ्याला जशी रेसिडेन्सी, तशी इथे मुख्याध्यापकाची. पूर्ण एक वर्ष, पगारासह, चालू शाळेत अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली. नेमणूक झाल्यावरही काही वर्षं मार्गदर्शक शाळेत येत राहतो. आणि अंतिम प्रबंध कुणा दुसऱ्यावर नाही, स्वतःच्या शाळेवर: काय करायला गेलो, काय झालं, काय फसलं. या अभ्यासक्रमातून शिकलेल्या जॅनिस जॅक्सन शिकागोच्याच सरकारी शाळांत शिकलेल्या, तिथेच शिक्षिका, मग मुख्याध्यापिका, आणि २०१८ मध्ये शहराच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख झाल्या.

म्हणजे डिग्रीनं प्रश्न सुटला? थांबा.

त्याच शहरात, त्याच वर्षांत

१९९५ मध्ये राज्यानं शाळांचा ताबा महापौरांकडे दिला. सुपरिंटेंडंट हे पदच गेलं, त्या जागी आला 'सीईओ'. पहिले सीईओ पॉल व्हॅलस हे शहराचे अंदाजपत्रक सांभाळणारे अधिकारी. पदाचं नाव बदललं की काय बदलतं, असं कुणी विचारलं तर मला कबरली आठवतात. स्थानिक परिषदा राहिल्या, पण मोठे निर्णय पुन्हा वर गेले.

मे २०१३ मध्ये शिकागोच्या शिक्षण मंडळानं एका दिवसात सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरवलं. कारण: पट कमी, इमारती अर्ध्या रिकाम्या. बंद झालेल्या शाळांतली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय. ईव्ह युइंग ब्रॉन्झव्हिल वस्तीत शिक्षिका होत्या, त्यांची जुनी शाळाही या यादीत. त्या हार्वर्डमध्ये शिक्षणातली डॉक्टरेट करत होत्या. त्यांनी प्रश्न घेतला: शाळा इतकी 'वाईट' होती, तर ती बंद होताना लोक का रडत होते? त्यावर त्यांचं २०१८ चं पुस्तक आहे. त्याच वर्षी ब्राइक यांच्या त्या जुन्या संशोधन गटाचा अहवाल आला. बंद झालेल्या शाळांतल्या मुलांच्या अभ्यासावर वाईट परिणाम झालेला, तोही शाळा बंद होण्याआधीच, नुसत्या घोषणेच्या वर्षी.

आणि आता ऐका. शाळा बंद करायला पैसे नाहीत हे कारण होतं त्याच वर्षी, मुख्याध्यापकांना 'नेतृत्व प्रशिक्षण' देण्यासाठी एका खासगी कंपनीला निविदा न काढता २ कोटी ५ लाख डॉलरचं कंत्राट दिलं गेलं. मुख्याध्यापक तक्रार करत होते की हे प्रशिक्षण अगदीच प्राथमिक आहे, वेळ वाया जातोय. एका छोट्या शिक्षणविषयक नियतकालिकाच्या पत्रकारानं ते छापलं. चौकशी झाली. तेव्हाच्या सीईओ बार्बरा बर्ड-बेनेट आधी त्याच कंपनीसाठी काम करायच्या, आणि कंत्राटाच्या बदल्यात त्यांना लाच कबूल झालेली होती. २०१५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, २०१७ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

'नेतृत्व' हा शब्द विकता येतो. भाचीनं हे विसरू नये.

पण त्याच २०१५ मध्ये दुसरंही घडलं. डायट हायस्कूल बंद झालं म्हणून वस्तीतले पालक आणि आज्या ३४ दिवस उपोषणाला बसल्या. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. २०२१ मध्ये राज्यानं कायदा केला की शिकागोचं शिक्षण मंडळ आता लोक निवडतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा मतदान झालं, २१ पैकी १० जागांसाठी. एलाबाईंना हटवणाऱ्या नेमलेल्या मंडळापासून इथवर यायला एकशे अकरा वर्षं लागली.

आता आपल्याकडे

काका, तुमच्या प्रश्नाला अर्धं उत्तर आपल्याकडेही आहे. दिल्लीत शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिची सुरुवात १९६२ मध्ये युनेस्कोच्या केंद्रातून झाली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू झालं. महाराष्ट्रात संभाजीनगरला 'मीपा' आहे. शिकायची सोय नाही असं नाही. पण हे शिकलेलं माणूस आणि मुख्याध्यापकाची खुर्ची यांची भेट सहसा होत नाही. खुर्चीपर्यंत जाते ती सेवाज्येष्ठतेची रांग.

आणि दुसरं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. कागदावर शिकागोच्या १९८८ च्या परिषदेइतकीच सुंदर. फरक काय? आपली समिती देखरेख करते, विकास आराखडा बनवते, अनुदान नीट खर्च होतंय का बघते. मुख्याध्यापक कोण हे ती ठरवत नाही. कुठल्या शाळेत समितीची वही मुख्याध्यापकच लिहितात आणि सह्यांसाठी आयांना गेटवर गाठतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. माझ्या आईनंही अशा सह्या घेतल्यात. पालकांशी बसून शाळेबद्दल बोलायचं असतं, हे त्या तीन दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वेळ तरी कुठे होता?

भाचीला मी काल फोन केला. म्हटलं, जा, जरूर जा. पण प्रवेश घेण्याआधी प्रत्येक विद्यापीठाला तीन प्रश्न ईमेल कर. एक, किती महिने चालू शाळेत काम करायला मिळणार? दोन, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः शाळा चालवलीय? तीन, पालकांशी आणि शिक्षकांशी कसं बोलायचं हे अभ्यासक्रमात आहे, की फक्त अंदाजपत्रक आणि आकडेवारी?

ती म्हणाली, "मामा, चौथा मी घालते. तुमचे विद्यार्थी शिकून कुठे जातात? शाळेत, की ऑफिसात?"

एलाबाईंना हा प्रश्न आवडला असता. आईला तर नक्कीच. तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, "पोरगी परत आली की आमच्या शाळेत पाठव. वर्गात तासभर बसू दे तिला आधी."

तुमच्या शाळेतले एखादे मुख्याध्यापक, ज्यांना तुमचं नाव माहीत होतं, आठवत असतील तर खाली लिहा. कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर काम केलं असेल तर त्यांनी जरूर लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. वाचायला आवडेल.